क्रोन्समधील न भरणाऱ्या भगंदरासाठी हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार घ्यावा का?

मृण्मयी यांचा प्रश्न

नमस्कार. मला क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाहक आजार आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला आजार आता बऱ्यापैकी आटोक्यात असून अलीकडच्या कोलोनोस्कोपीत तिथले व्रण भरलेले दिसले. मोठा त्रास उरला आहे तो गुदद्वाराजवळच्या भगंदराचा. एमआरआयमध्ये दोन मार्ग दिसतात आणि दोन्हींत सेटॉनचा (मार्ग उघडा ठेवणारा) दोरा घातलेला आहे. अझाथायोप्रिनच्या जोडीला इन्फ्लिक्सिमॅब (दोन्ही दाह आटोक्यात ठेवणारी औषधे) वेळच्या वेळी चालू आहे, रक्तातली त्याची पातळीही पुरेशी आहे, तरीही स्राव थांबण्याचे नाव घेत नाही. दिवसातून अनेकदा पॅड बदलणे, फार वेळ एका जागी बसता न येणे, चार माणसांत उठताना आधी खुर्चीकडे पाहणे, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी दोन वाटा मांडल्या. एक म्हणजे तात्पुरता स्टोमा (पोटावर काढलेले आतड्याचे तोंड) करून मल दुसरीकडे वळवणे आणि त्या भागाला विश्रांती देणे. दुसरी हायपरबेरिक ऑक्सिजनची, म्हणजे बंद कक्षात वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेण्याची. तिच्याबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितले की पुरावा मर्यादित आहे, पण माझ्यासारख्या परिस्थितीत विचार करण्याजोगा आहे. आठवड्यातून पाच दिवस, दर दिवशी दोन तासांच्या आसपास, असे सुमारे आठ आठवडे कक्षात बसावे लागेल.

मला समजून घ्यायचे आहे ते असे. आतड्याच्या आजारात जास्त ऑक्सिजन घेतल्याने नेमके काय साधते? जे संशोधन झाले आहे त्यावर कितपत विसंबावे? हा उपचार चालू असताना इन्फ्लिक्सिमॅब थांबवावे लागते का? आणि एक प्रश्न, जो डॉक्टरांसमोर विचारताना मला संकोच वाटला: ज्या माणसाला शौचाची घाई अचानक होते, त्याने बंद कक्षात दोन तास कसे काढायचे? ज्यांनी हा उपचार दिला किंवा घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जठराग्नी यांचा प्रतिसाद

मृण्मयीताई, मी पोटविकारतज्ज्ञ असून क्रोन्सचे रुग्ण नेहमी पाहतो. तुमचे अहवाल माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे हे लिखाण तुमच्या डॉक्टरांशी होणाऱ्या पुढच्या बोलण्याची तयारी म्हणून वाचावे.

रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला धरून प्रवास करतो, आणि फुप्फुसे निरोगी असतील तर साध्या हवेतच ते हिमोग्लोबिन जवळपास पूर्ण भरलेले असते. म्हणून नुसता मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तरी फारशी भर पडत नाही. वाढवता येतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात तो जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो, आणि नेहमीच्या वातावरणाच्या २.४ ते २.५ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की ५ मिलिलिटरच्या आसपास पोहोचतो. सोड्याच्या बाटलीत दाबामुळे वायू पाण्यात विरघळून राहतो, तेच हे तत्त्व. विश्रांती घेत असलेल्या शरीराच्या पेशी १०० मिलिलिटर रक्तातून साधारण ५ ते ६ मिलिलिटर ऑक्सिजन उचलतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाढ किती मोठी आहे ते कळते. ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद बोएरेमा यांनी १९६० च्या सुमारास डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून टाकून ती अतिदाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनवर जगू शकतात, हे दाखवून दिले होते.

भगंदराच्या भिंती म्हणजे वर्षानुवर्षे सुजलेल्या, जागोजागी घट्ट झालेल्या ऊती असतात. तिथे रक्तपुरवठा तोकडा पडतो. जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशींना ऑक्सिजन लागतो, जखम सांधणारे कोलॅजन तयार होण्यासाठीही तो लागतो, आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंना अशीच जागा मानवते. कक्षातून बाहेर आल्यावर वाढलेली पातळी लवकरच उतरते, तेव्हा उपयोग केवळ त्या दोन तासांचा नसतो. पातळी पुन्हा पुन्हा चढत-उतरत राहिल्याने नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्याचे आणि दाह कमी करण्याचे संदेश पेशींना मिळतात, असे मानले जाते. सत्रांची संख्या मोठी असते ती याच कारणाने. दहा-बारा सत्रांनंतर काहीच फरक नाही म्हणून खचून जाणारे रुग्ण असतात. हे आधी सांगितलेले असले तर तो निरुत्साह टळतो.

आता पुराव्याविषयी जरा सविस्तर, कारण तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे.

क्रोन्समधील गुदद्वाराजवळचे व इतर त्वचेवरचे हट्टी व्रण या उपचाराने भरल्याचे पहिले निवेदन १९८९ साली प्रसिद्ध झाले. ते एकाच रुग्णाचे होते. त्यानंतर १९९० च्या दशकात इस्रायल आणि फ्रान्समधून प्रत्येकी दहा-दहा रुग्णांच्या छोट्या मालिका आल्या. २०१४ मध्ये दाहक आतड्याच्या आजारांतील १७ अभ्यासांचा, मिळून ६१३ रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला गेला. त्यातले चित्र आशादायक होते, मात्र बहुतेक अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. अलीकडचा आणि सर्वांत नेटका अभ्यास २०२१ चा, पुन्हा ॲम्स्टरडॅमचाच आहे. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या २० रुग्णांना प्रत्येकी ४० सत्रे देण्यात आली. सोळाव्या आठवड्यात १२ जणांना लक्षणीय फरक पडला होता आणि चौघांचा स्राव पूर्ण थांबला होता. एमआरआयवरच्या तीव्रतेचा अंक ९.२ वरून ७.३ वर आला. हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरून दिसणारी सुधारणा आणि आतला मार्ग प्रत्यक्ष भरून येणे यांत अंतर राहते, हे त्यातून दिसते.

या २० जणांच्या अभ्यासातही तुलनागट नव्हता, आणि भगंदराच्या बाबतीत ही उणीव किरकोळ नाही. १९९९ साली इन्फ्लिक्सिमॅबची जी गाजलेली चाचणी झाली, तिच्यात ज्यांना औषधाऐवजी निव्वळ सलाइनसारखे निष्क्रिय द्रावण मिळाले त्यांच्यापैकी २६ टक्के रुग्णांचे निम्मे किंवा अधिक मार्ग कोरडे झाले, आणि १३ टक्क्यांचे सगळेच मार्ग बंद झाले. इन्फ्लिक्सिमॅबच्या कमी मात्रेवर सगळे मार्ग बंद होण्याचे प्रमाण ५५ टक्के होते, म्हणजे औषधाचा उपयोग निर्विवाद होता. पण तुलनागट होता म्हणूनच तो निर्विवाद ठरला. याच्या उलट उदाहरण मूलपेशींचे आहे. भगंदरात टोचायच्या डार्व्हाडस्ट्रोसेल या औषधाच्या २०१६ च्या चाचणीत भगंदर भरण्याचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ५० टक्के, तर निष्क्रिय द्रावण घेतलेल्यांत ३४ टक्के असा फरक दिसला, त्यावर युरोपात मंजुरी मिळाली, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या मोठ्या चाचणीत तो फरक टिकला नाही. पुढे ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले. म्हणून २० पैकी १२ हा आकडा ऐकून हरखून जाऊ नये. त्याकडे दुर्लक्षही करू नये, कारण हे असे रुग्ण होते ज्यांच्यापाशी फारसे पर्याय उरलेले नव्हते.

अतिदाब वैद्यकातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या उपचारासाठी जे आजार मान्य केले आहेत, त्यांत पाणबुड्यांना होणारा दाबबदलाचा विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, किरणोपचारामुळे झालेली इजा यांसारख्या गोष्टी आहेत, क्रोन्स नाही. अनेक ठिकाणी विमा कंपन्या याच मुद्द्यावर खर्च नाकारतात, तेव्हा लेखी मंजुरी आधी घ्यावी.

इन्फ्लिक्सिमॅब आणि अझाथायोप्रिन थांबवू नये. हा पूरक उपचार आहे, आणि अभ्यासांतही तो चालू औषधांच्या जोडीनेच दिला गेला. औषध बंद करून नुसता ऑक्सिजन घेतला आणि मधल्या काळात आतड्यातला आजार उसळला, तर भगंदराचेही काम बिघडेल.

माझे मत विचाराल तर ज्यांचा गुदाशयातला दाह शांत आहे, गळू शिल्लक नाही, औषधाची पातळी तपासून योग्य केलेली आहे, आणि तरीही जखम किंवा मार्ग भरत नाही, अशांच्या बाबतीत मी हा उपचार सुचवतो. गुदाशय काढल्यानंतर न भरणारी जखम, स्टोमाभोवतीचा पायोडर्मा गँग्रिनोसम (त्वचेवर होणारा वेदनादायक व्रण), त्वचेवरचा क्रोन्स, यांतही मी त्याचा विचार करतो. आतडे आकुंचन पावून अडथळा येत असेल, तर मात्र ऑक्सिजनने तो सुटत नाही.

दीपशिखा यांचा प्रतिसाद

मी अतिदाब कक्षात परिचारिका आहे. जठराग्नी यांनी शास्त्र सांगितले आहे, म्हणून मी कक्षातल्या व्यवहाराविषयी लिहिते, आणि ज्या प्रश्नाचा तुम्हाला संकोच वाटला त्यापासून सुरुवात करते, कारण क्रोन्सच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या मनात तो असतो.

कक्ष दोन प्रकारचे असतात. एका माणसाच्या कक्षात पारदर्शक नळीत आडवे झोपायचे असते आणि बहुधा सगळी नळीच ऑक्सिजनने भरलेली असते. अनेकांच्या कक्षात खुर्च्या असतात, दाब साध्या हवेने वाढवलेला असतो, आणि ऑक्सिजन मास्कमधून किंवा डोक्यावरच्या पारदर्शक टोपातून मिळतो. तुमच्यासारख्या रुग्णाला मी दुसऱ्या प्रकारचा कक्ष सुचवीन. त्याला बरेचदा एक छोटी मधली खोली असते, आणि तिच्यातून मुख्य कक्षाचा दाब न सोडता माणसाला बाहेर काढता येते किंवा आत मदतनीस पाठवता येतो. काही कक्षांत शौचाची सोय आतच केलेली असते. एका माणसाच्या कक्षात घाई झाली, तर दाब हळूहळू उतरवण्यात काही मिनिटे जातात आणि तेवढा वेळ थांबण्यावाचून इलाज नसतो. पहिल्या भेटीतच हे सरळ विचारा: मधेच बाहेर यायचे झाले तर किती मिनिटे लागतील? आमच्याकडे कोणी हे विचारले तर आम्हाला अवघड वाटत नाही, उलट नियोजन सोपे जाते. सत्राची वेळ शक्यतो सकाळच्या शौचानंतरची मागून घ्यावी, आणि पॅड लावून बसण्यास कसलीही हरकत नसते.

दाब चढू लागला की कानाला दडे बसतात. २.४ पट दाब म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खोल गेल्यासारखे असते. आवंढा गिळणे, जबडा हलवणे, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारणे हे आम्ही आधी शिकवतो. कान दुखला की लगेच हात वर करायचा. सहन करत बसायचे नाही. सर्दी असेल त्या दिवशी सत्र टाळतो. कानाचीच इजा सर्वांत जास्त आढळते. काही सत्रांनंतर दूरचे किंचित धूसर दिसू लागते, तेही बहुधा तात्पुरते असते. ऑक्सिजनच्या विषारी परिणामाने झटका येणे अत्यंत विरळ असते, आणि तो टाळण्यासाठीच सत्राच्या मधे काही मिनिटे साधी हवा दिली जाते. ताप असताना आणि स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेवर असताना हा धोका थोडा वाढतो असे मानतात, म्हणून प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते नक्की सांगा. फुप्फुसाभोवती हवा साचलेली असेल आणि तिच्यावर इलाज झालेला नसेल, तर हा उपचार देताच येत नाही. पूर्वी ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचे औषध घेतले असेल, दमा किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार असेल, कधी झटके आले असतील, मधुमेहाची औषधे चालू असतील, तर ते सगळे आधी कळवावे लागते.

आता भगंदराच्या रुग्णांसाठी खास गोष्ट, जी बाकीच्यांच्या माहितीपत्रकात सहसा नसते. स्रावाने त्वचा सोलवटू नये म्हणून तुम्ही जे मलम लावता, ते पेट्रोलियम जेलीचे किंवा तेलकट असण्याची शक्यता फार मोठी आहे. झिंक ऑक्साइडची पुष्कळशी मलमे त्याच तळावर बनतात. भरपूर ऑक्सिजन असलेल्या जागी असा पदार्थ पेट घेऊ शकतो. सत्राला येण्याआधी ते पूर्ण पुसून काढायला हवे, आणि आत चालेल असे दुसरे काय लावायचे ते कक्षातल्या माणसांना विचारूनच ठरवायचे. ट्यूबच्या मागची घटकांची यादी घेऊन या, आम्ही वाचून सांगतो. कपडे आमच्याकडचेच सुती घालायचे. फोन, लायटर, घड्याळ, केसांचे तेल, अत्तर, यांतले काहीही आत न्यायचे नाही.

ज्यांना स्टोमा आहे त्यांनी पिशवी आत जाण्याआधी रिकामी करावी. दाबाखाली असताना तिच्यात जो वायू जमतो, तो बाहेर येताना जवळजवळ अडीच पट फुगतो. वायू सुटायला वाट असलेली पिशवी वापरली आणि दाब उतरताना तिच्यावर लक्ष ठेवले, तर काही अडचण येत नाही.

आणखी एक कळकळीने सांगते. घरी आणून फुगवायचे मऊ कापडी कक्ष १.३ पट दाबापर्यंतच जातात आणि त्यांत अनेकदा साधी हवाच भरलेली असते. वर ज्या अभ्यासांचा उल्लेख आला, ते असल्या कक्षांतले नाहीत. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

वाटचाल यांचा प्रतिसाद

मी हा उपचार घेतला आहे, भगंदरासाठी नव्हे, तर गुदाशय काढल्यानंतर उरलेल्या जखमेसाठी. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने ती जखम वरून आवळल्यासारखी दिसायची आणि आत मात्र बोटभर पोकळी राहायची. परिचारिका ड्रेसिंग करताना गॉजची पट्टी चिमट्याने आत सारत आणि किती आत गेली ते वहीत लिहून ठेवत. ऑक्सिजन सुरू झाल्यावर पहिला बदल दिसला तो रंगात. राखाडी, निस्तेज असलेला जखमेचा तळ लालसर झाला आणि पुसताना सहज रक्त येऊ लागले. मी घाबरलो होतो, पण शल्यविशारदांना त्याचाच आनंद झाला, कारण रक्तपुरवठा आल्याची ती खूण होती. खोली त्यानंतर कमी होत गेली, तीही सावकाश, आणि जखम पूर्ण मिटली ती सत्रे संपल्यानंतर.

माझ्या सांध्यांच्या दुखण्यात काहीही फरक पडला नाही. थकवाही तसाच राहिला. रोजच्या येण्याजाण्याने उलट तो वाढला. या उपचाराचे खरे ओझे कक्षातल्या दोन तासांचे नसते, त्याभोवतीच्या अख्ख्या दिवसाचे असते. नोकरी करत असाल तर वरिष्ठांशी आधी बोलून ठेवा, कारण मधे मधे खाडे झाले की उपचाराचे सातत्य तुटते. बंद जागेची भीती वाटत असेल तर पहिले सत्र घेण्याआधी कक्ष नुसता आतून पाहून यावा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या काकू पहिल्या दिवशी दरवाजा बंद होताच रडू लागल्या होत्या, आणि पुढे त्याच आम्हा नवख्यांना धीर देत असत.

शल्यक यांचा प्रतिसाद

मी मोठे आतडे व गुदाशयाचा शल्यविशारद आहे. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

ऑक्सिजन सुरू करण्याआधी ओटीपोटाचा नवा एमआरआय व्हावा आणि शक्य असल्यास भूल देऊन तपासणी व्हावी. कुठे तरी पू साचून राहिला असेल तर तो आधी काढावा लागतो. त्याला वाट करून न देता वरची त्वचा भरली तर पू आतच कोंडतो आणि नवे गळू होते. म्हणूनच स्राव चालू असताना सेटॉन काढण्याची घाई करू नये. तो दोरा मार्ग कापण्यासाठी नसतो, मार्ग उघडा ठेवण्यासाठी सैल बांधलेला असतो. तो केव्हा काढायचा, हे ऑक्सिजनचे वेळापत्रक आणि एमआरआय दोन्ही पाहून ठरवावे.

दुसरे असे की वर्षानुवर्षे वाहणाऱ्या भगंदरात, क्वचितच का होईना, कर्करोग निर्माण होतो. दुखणे अचानक वाढले असेल, कठीण गाठ लागत असेल, स्राव चिकट बुळबुळीत झाला असेल, तर ऑक्सिजनचा विचार करण्याआधी त्या मार्गातला तुकडा काढून तपासलाच पाहिजे. हे वाचून धास्तावू नका, पण आपल्या शल्यविशारदांना विचारा.

स्टोमाविषयीही स्पष्ट लिहितो, कारण तुमच्यासमोर तो पर्याय आहे. मल वळवल्यावर निम्म्याहून अधिक रुग्णांना लवकर आराम पडतो, हे खरे. परंतु गुदद्वाराच्या क्रोन्ससाठी तात्पुरता म्हणून केलेला स्टोमा पुढे यशस्वीपणे बंद करता आला, अशांचे प्रमाण प्रकाशित आढाव्यांत पाचांत एकाहूनही कमी आहे. हा आकडा रुग्णाला शस्त्रक्रियेआधी सांगितला जावा असे मला मनापासून वाटते. काही रुग्णांना स्टोमानंतर इतके मोकळे वाटते की ते तो परत फिरवू इच्छित नाहीत, आणि तो निर्णयही आदराने स्वीकारला पाहिजे. तुमच्या बाबतीत गुदाशय शांत असेल, तर आधी ऑक्सिजन आणि गरज पडली तर नंतर स्टोमा, हा क्रम मला योग्य वाटतो. ऑक्सिजन घेतल्याने पुढच्या शस्त्रक्रियेची वाट बंद होत नाही. तुम्ही धूम्रपान करत असाल तर ते मात्र पहिल्या सत्राआधी सुटले पाहिजे, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि क्रोन्सही बळावतो.

मृण्मयी

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मलमाची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. माझी ट्यूब पाहिली, तिच्यात पेट्रोलियम जेली आहे. स्टोमाच्या आकड्याबद्दल मी पुढच्या भेटीत विचारीन. धूम्रपान मी करत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. उपयोग झाला की नाही हे नेमके कशावरून आणि केव्हा ठरवायचे? आणि मला आधीच लांबचा चष्मा आहे, तर दृष्टीच्या त्या बदलाचे काय करावे?

जठराग्नी यांचा प्रतिसाद

पहिल्या शंकेपुरते लिहितो. सुरुवातीलाच चार गोष्टी नोंदवून ठेवा: दिवसाला किती पॅड लागतात, बसताना दुखणे किती आहे, हलके दाबल्यावर प्रत्येक बाह्यमुखातून स्राव येतो का, आणि एमआरआयचा अहवाल. निम्मी सत्रे झाल्यावर पहिल्या तीन गोष्टी पुन्हा पाहाव्यात. तोवर काहीही हललेले नसेल, तर पुढे जायचे की थांबायचे याची डॉक्टरांशी मोकळी चर्चा व्हावी. थोडी जरी सुधारणा असेल तर मी सत्रे पूर्ण करायला सांगतो. एमआरआय मात्र लगेच करू नये. आतल्या ऊती भरायला वेळ लागतो, आणि ॲम्स्टरडॅमच्या अभ्यासातही तो सोळाव्या आठवड्यात पाहिला गेला. बाह्यमुख बंद झाल्यावर जर ताप आला किंवा खोलवर ठणकू लागले, तर त्याला सुधारणा समजू नका. त्याच दिवशी दाखवा.

रक्ताची तपासणी करून हिमोग्लोबिन आणि लोह पाहून घ्या. क्रोन्समध्ये लोह कमी असणे नेहमीचे आहे, आणि जखम भरण्याच्या काळात ती उणीव राहू देण्याचे काही कारण नाही. वजन उतरत असेल तर आहारतज्ज्ञांनाही याच वेळी भेटा.

दीपशिखा यांचा प्रतिसाद

चष्म्याचे सांगते. हा बदल डोळ्यातल्या भिंगामुळे होतो, आणि ज्यांना लांबचा चष्मा आहे त्यांना सत्रे वाढत गेली की तो नंबर थोडा वाढल्यासारखा वाटतो. सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून नंबर आणि मोतीबिंदू आहे का ते लिहून आणा, कारण आधीच मोतीबिंदू असेल तर तो या उपचारात लवकर पिकू शकतो. सत्रे चालू असताना नवा चष्मा करून घेऊ नका. शेवटच्या सत्रानंतर काही आठवडे ते काही महिन्यांत नंबर बहुतेक पूर्ववत होतो आणि केलेला चष्मा वाया जातो. मधल्या काळात रात्री गाडी चालवताना समोरचे फलक अस्पष्ट वाटले, तर तेवढे दिवस गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.